सायंदेव परत आला, आणि बाकीचे?

।। श्रीगुरुदेव दत्त ।।

सज्जनहो, दत्तजयंतीच्या या अंकासाठी चौदाव्या अध्यायावर चार शब्द लिहा, असं संपादक मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. गेली चाळीस वर्षं हा अध्याय रोज वाचतोय. तोंडपाठ आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो असाच पाठ असेल. मग लिहायला कितीसा वेळ लागणार? पण एका प्रश्नामुळे लेखाला दोन महिने लागले, आणि लिहिला तोही ठरवला होता तसा नाहीच.

आम्ही बावधनला राहतो. चांदणी चौकाकडून खाली उतरलं की उजव्या-डाव्या हाताला इमारतीच इमारती. त्यातल्या एका सोसायटीच्या आवारात औदुंबराखाली दत्तमहाराजांचं छोटंसं देऊळ आहे. दर गुरुवारी संध्याकाळी सातला आरती, त्याआधी एक अध्याय आणि त्यावर दहा-पंधरा मिनिटं निरूपण. निरूपण म्हणजे काय, तर मला जमतं तेवढं बोलतो. समोर वीस-पंचवीस माणसं, बहुतेक माझ्याच वयाची. हायवेच्या आवाजामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागतं, एवढंच.

आषाढातल्या एका गुरुवारी चौदावा अध्याय झाला. कथा आपणांस ठाऊक आहे, तरी ओघासाठी सांगतो. गोदातीरी वासरब्रह्मेश्वरी श्रीनृसिंहसरस्वती आले आहेत. सायंदेव तिथला अधिकारी, यवनाच्या चाकरीत. पोटशूळाला कंटाळून गंगेत जीव द्यायला निघालेल्या एका ब्राह्मणाला श्रीगुरूंनी थांबवलं आणि सायंदेवाच्या घरी आपल्यासोबत जेवायला नेलं. हा भाग तेराव्यातला. पूजा-भोजन आटोपलं आणि सायंदेवानं आपलं दुःख सांगितलं. आपला धनी क्रूर आहे, दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घेतो, आज मला बोलावणं आलंय. श्रीगुरूंनी मस्तकावर हात ठेवला. भिऊ नकोस, जा, तो तुला संतोषानं परत पाठवील. तू येईपर्यंत मी इथेच आहे. सायंदेव गेला. त्याला पाहताच यवनाच्या अंगाची आग झाली, तो आत जाऊन निजला, आणि कोणी एक ब्राह्मण शस्त्रानं आपले अवयव तोडतो आहे असं त्याला स्वप्न पडलं. धावत येऊन सायंदेवाच्या पायांवर लोळला. तुम्हाला इथे बोलावलं कुणी? वस्त्रं-भूषणं देऊन त्याला परत पाठवलं.

निरूपण झालं. मागच्या रांगेत बसणाऱ्या एक ताई, पन्नाशीच्या असतील, कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "काका, एक विचारू? सायंदेव परत आला. पण दरवर्षी जे मारले गेले, त्यांचं काय? त्यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाही का?"

मी म्हणालो, "ताई, ज्याचं त्याचं पूर्वकर्म." आणि आरतीला सुरुवात केली.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "असं उत्तर द्यायला नको होतं तुम्ही." मी विचारलं, का? तेव्हा तिनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या ताईंची धाकटी बहीण सासरच्या छळात गेली. लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती. दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा मोठ्या माणसांनी समजूत घालून परत पाठवली. बाईच्या जातीनं पृथ्वीसारखं सोसावं, असं सांगून.

सज्जनहो, मला झोप लागली नाही. कारण पृथ्वीसारखं सोसावं हे वाक्य माझंही आहे. अवधूताच्या चोवीस गुरूंवर मी कितीतरी वेळा बोललोय. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपले गुरू सांगतो, त्यात पहिला गुरू पृथ्वी. लोक तिला खणतात, जाळतात, नांगरतात, ती आपलं व्रत सोडत नाही. हे सांगताना मी हमखास समोरच्या लेकी-सुनांकडे बघायचो. पुरुषांकडे बघून सांगितल्याचं आठवत नाही. वास्तविक अवधूत हे स्वतःबद्दल बोलतो आहे. पृथ्वीकडून मी काय शिकलो ते सांगतो. दुसऱ्याला खड्ड्यात उभं करून वरून क्षमेचा उपदेश करणं, हे त्यात कुठे आहे?

म्हणून पोथी पुन्हा उघडली, या वेळी पाठ म्हणायला नाही, बघायला. आणि एक साधी गोष्ट चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसली. श्रीगुरू सायंदेवाला पूर्वकर्म सांगत नाहीत. एरवी गुरुचरित्रात कर्मविपाक पुष्कळ आहे, पानोपानी आहे. पण मरणाच्या दारात निघालेल्या माणसाला ते हे ऐकवत नाहीत की, बाबा रे, तुझं काहीतरी देणं असेल, फेडून टाक. सोस असंही म्हणत नाहीत. तू येईपर्यंत मी इथून हलत नाही, असं म्हणतात. गंगेच्या काठी संन्यासी वाट बघत बसला आहे, आणि ते ठाऊक असलेला माणूस क्रूराच्या दारात उभा आहे. त्या ताईंच्या बहिणीसाठी काठावर कोणी बसलं नव्हतं. काठावरच्यांनीच तिला पुन्हा आत ढकललं.

कायद्यालासुद्धा हा शब्द घ्यावा लागला. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं, त्यात नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेल्या छळाला क्रूरता हाच शब्द आहे. आता नव्या न्यायसंहितेत ते ८५ आणि ८६ या कलमांत आहे. म्हणजे क्रूर यवन फक्त पोथीत नाही, आणि तो यवनच असतो असंही नाही. हे जरा स्पष्ट बोलतो, कारण चौदाव्या अध्यायावर बोलताना काही जण एवढाच अर्थ घेऊन घरी जातात. याच पोथीत पन्नासावा अध्याय आहे. बेदरचा यवन राजा मांडीवरच्या स्फोटकानं हैराण होऊन गाणगापुरी येतो, आणि श्रीगुरू त्याला ओळखीच्या माणसासारखी हाक मारतात, अरे रजका, इतके दिवस कुठे होतास? नवव्या अध्यायातला, कुरवपुरी श्रीपादश्रीवल्लभांची सेवा करणारा परीट तो हाच. एकाच पोथीत एक यवन जीव घेणारा आणि एक लाडका. आणि देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सान्निध्यात नाथमहाराजांना दत्त भेटले ते मलंगाच्या वेषात, असं आपली परंपराच सांगते. क्रौर्याला जात लावली की आपण आपलं क्रौर्य बघायचं टाळतो. माझं तसंच झालं होतं. त्याकडे येतोच, पण आधी वळीवड्याला जाऊन यायला हवं.

माझं आजोळ रुकडीचं, कोल्हापूर-मिरज रेल्वेवरचं. शेजारीच वळीवडे. आईचं लहानपण तिथलं. आम्ही वाडीला, म्हणजे नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जायचो, तेव्हा गाडीतून बोट दाखवून ती सांगायची, "हितं पोलंडची माणसं ऱ्हायची." आम्हाला ती परीकथा वाटायची. पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं की आई सांगायची ते सगळं खरं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पोलंडचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडून जर्मनी, पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. १९४०च्या फेब्रुवारीत, ऐन बर्फात, पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं घरातून उठवून मालगाडीच्या डब्यांत भरली आणि सैबेरियाकडे, उत्तरेच्या जंगलांकडे नेली. नंतर एप्रिलमध्ये, जूनमध्ये पुन्हा तेच, कुणी कझाकस्तानला, कुणी सैबेरियाला. लाकूड तोडायचं, मोजून मिळेल तो पाव खायचा. किती पोरं, किती म्हातारी माणसं वाटेत आणि छावण्यांत गेली! त्याच वर्षीच्या वसंतात कातिनच्या जंगलात आणि इतरत्र मिळून सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि इतर कैदी गोळ्या घालून मारले गेले. १९४१च्या जूनमध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, समीकरण फिरलं, आणि या लोकांना सुटका मिळाली. सुटका म्हणजे फक्त दार उघडलं. १९४२ साली त्यातले वाचलेले कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. तिथून काही आपल्याकडे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला पोरक्या मुलांना ठेवून घेतलं आणि मी तुमचा बाप असं सांगितलं. कोल्हापूर संस्थानात वळीवड्याला १९४३ ते १९४८ जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बाया आणि मुलं. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाची जागा, सगळं त्यांनी तिथे उभं केलं.

आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिची आई छावणीच्या बाजूला अंडी आणि भाजी विकायला जायची, आईही बरोबर जायची. भाषा येत नाही, बोटांवर हिशेब. आई एका बाईचं सांगायची. ती अंडी घ्यायची, पैसे द्यायची, आणि आजीच्या फडक्यातली उरलेली शिळी भाकरी मागून घ्यायची. छावणीत खायला मिळत होतं. तरी मागायची. एकदा आजी तिच्या खोलीपर्यंत गेली तर उशाखाली पावाचे वाळलेले तुकडे, भाकरीचे तुकडे, नीट फडक्यात बांधलेले. आईला हसू आलं. आजीनं तिला तिथेच चापट मारली आणि घरी येताना म्हणाली, "हसायचं न्हाई. उपास भोगल्यालं माणूस हाय, हात जातोच."

आता माझी गोष्ट.

आईचं सासर जत तालुक्यातलं. तिथं पाऊस ओळखीपुरता. १९७२च्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. रोजगाराच्या कामावर आई खडी फोडायची, मीही फोडली. सुकडी मिळायची ती आई स्वतःच्या वाटणीची आम्हाला द्यायची आणि मला भूक नाही म्हणायची. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, बावधनला फ्लॅट झाला. वडील गेल्यावर आईला घेऊन आलो. २०१२च्या सुमारास तिचं विस्मरण सुरू झालं. नावं विसरायची, वेळ विसरायची. आणि पोळ्या लपवायला लागली. उशाखाली, गादीच्या खोळीत, कपाटात साड्यांच्या घडीत. मुंग्या व्हायच्या, वास यायचा.

मी तिला मारलं नाही. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण ओरडलो, रोज ओरडलो. एकदा घरी पाहुणे बसलेले असताना तिच्या उशाखालची पोळी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "बघा, आमच्याकडे म्हातारीला जेवायला देत नाहीत असं लोकांना वाटायला हवं, म्हणून हे चाललंय." पाहुणे कसंनुसं हसले. आई हसली नाही. ती पोळीकडे बघत होती. त्यानंतर मी रात्री स्वयंपाकघराला कडी लावायला लागलो. सौ. म्हणायची, असू द्या हो, मी काढीन. मी ऐकलं नाही. आणि हे सगळं सकाळी चौदावा अध्याय वाचून, गंध लावून, त्याच दिवशी. २०१४ साली ती गेली.

त्या ताईंच्या प्रश्नानंतर पहाटे कधीतरी मला वळीवड्याची ती उशी आठवली. आईनं मला ती गोष्ट दहा वेळा तरी सांगितली असेल. ती जिवंत असताना एकदाही आठवली नाही. तिच्या गादीच्या खोळीत सैबेरिया नव्हता, जतचा दुष्काळ होता, बाकी हात तोच. मी ती खडी तिच्या शेजारी बसून फोडली होती. मला कळायला हवं होतं.

क्रौर्य म्हणजे शस्त्र घेऊन उभा राहिलेला कोणी, असं आपण समजतो. बऱ्याचदा ते इतकंच असतं, की समोरच्याची गोष्ट आपल्याला ठाऊक असते आणि तरी सोयीसाठी आपण ती विसरतो. मालगाडीत पोरं कोंबणाऱ्या शिपायालाही घरी पोरं असतील. त्याला माहीत होतं, त्यानं त्या दिवसापुरतं ते बाजूला ठेवलं. मी माझी तुलना त्याच्याशी करतोय असं नाही. पण दार लावायची कडी तीच.

एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात एक भिक्षू आहे, अवंतीचा. नाथमहाराजांनी या स्कंधावर टीका लिहिली, काशीत शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पुरी केली, म्हणून आपल्याकडे ही कथा पोचली. निरूपणात मात्र फारशी येत नाही. तो आधी कदर्यू होता, म्हणजे इतका कृपण की बायको, मुलं, चाकर सगळ्यांचा त्यानं छळ केला. धन गेलं, घरच्यांनी टाकलं, मग वैराग्य आलं, संन्यास घेतला. आता लोक त्याचा छळ करतात. दंड, कमंडलू, माळ हिसकावतात, देतो म्हणून पुन्हा घेतात, दोरीनं बांधतात, नदीकाठी भिक्षा खायला बसला की अन्नावर लघवी करतात, डोक्यावर थुंकतात. तो काय म्हणतो? माझ्या दुःखाला हे लोक कारण नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, कर्म नाही, काळही नाही. माझं मन कारण आहे. तेच हे चक्र फिरवतं.

हा अध्याय मी पूर्वी दुसऱ्यांना सांत्वन म्हणून सांगायचो. तो सांत्वनाचा नाहीच. तो ज्यानं आधी छळ केला आहे अशा माणसाच्या तोंडचा आहे. त्याला बोलायचा अधिकार आहे तो स्वतःपुरता. आणि बघा, पूर्वकर्माला तर त्यानं कारणांच्या यादीतून बाहेर काढलंय, ज्याच्या आधारानं मी त्या ताईंना गप्प केलं! पैठणला नाथांवर थुंकणाऱ्या माणसाची कथा आपण सांगतो, ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून येत राहिले. पण थुंकी झेलताना नाथांनी शेजारच्याला, तूही झेल, असं सांगितल्याचं कुठे ऐकलेलं नाही. उलट तहानलेल्या गाढवाच्या तोंडी त्यांनी रामेश्वराची कावड रिकामी केली. स्वतःवर आलं ते सोसलं, दुसऱ्यावर आलेलं बघवलं नाही. हा फरक मला सत्तराव्या वर्षी कळतोय.

वळीवड्याचं थोडं राहिलं. १९४८ मध्ये छावणी उठली. त्या जागेवर फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित वसले, तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण घाऊक कापड घ्यायला जातो. एका क्रौर्यातून सुटलेल्यांनी रिकाम्या केलेल्या खोल्यांत दुसऱ्या क्रौर्यातून सुटलेले आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा इथेही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा टीव्हीवर ते नाव ऐकून मी सौ.ला हाक मारली होती. त्या स्तंभावर पाच हजारांची आठवण आहे. जे बर्फातून आलेच नाहीत त्यांचं उत्तर त्या स्तंभातही नाही.

चौदाव्या अध्यायातही नाही. मी शोधलं. एवढंच सापडलं की नामधारकाला ही कथा सांगितली जाते, आणि तो याच सायंदेवाच्या वंशातला. पोथी लिहिणारे सरस्वती गंगाधर त्याच घराण्यातले. म्हणजे एका वाचलेल्या माणसाच्या घरानं दरवर्षी मारल्या जाणाऱ्यांची आठवण पोथीत घालून ठेवली. ती ओळ वगळता आली असती. चमत्कार तेवढ्यानं कमी झाला नसता. पण त्यांनी ठेवली, आणि पाचशे वर्षांनी बावधनच्या एका देवळात कुणाला तरी ती खटकली.

गेल्या महिन्यात मी त्या ताईंकडे गेलो. सौ. बरोबर होती. म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही."

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काका, तेव्हा घरी भेटायला आलेल्या सगळ्यांना उत्तर येत होतं." आणि चहा ठेवायला आत गेल्या. बहिणीचा फोटो बाहेरच्या खोलीतच होता. चहा घेताना त्यांनी तिच्याबद्दल बरंच सांगितलं. शाळेत कबड्डी खेळायची, चिडकी होती, आवळ्याची सुपारी फार आवडायची. तासभर बसलो. मी काही बोललो नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं, असं सौ.नं परतताना सांगितलं.

यंदा दत्तजयंती गुरुवारीच आलीय, ४ डिसेंबरला. संध्याकाळी जन्मकाळ झाला की सुंठवडा वाटायचं काम त्या ताईंनी मागून घेतलंय. त्या दिवशी निरूपण नाही, फक्त चौदावा अध्याय, आणि वाचताना त्या ओळीपाशी मी जरा थांबणार आहे. पन्नासावा पुढच्या गुरुवारी.